सॅन डिएगो कॉमिक-कॉनचा बॅज भेट द्यायचाय? मग ज्याला द्यायचा त्याला आधी कटात घ्या

वाढदिवसाच्या पाकिटातून कॉमिक-कॉनची, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत भरणाऱ्या कॉमिक्स-चित्रपटांच्या मेळाव्याची, तिकिटं काढून समोरच्याला चकित करायचं, असा बेत कुणी आखला असेल तर तो आत्ताच बदलावा. सॅन डिएगोला तिकीट असं नसतंच. असतो तो बॅज, आणि तो ज्याच्या नावाचा त्यानेच गळ्यात घालायचा. आधी चार बॅज घेऊन ठेवू आणि मग भावाला, भाच्याला, मैत्रिणीला वाटू, हे तिथे चालत नाही. एकाच्या नावाचा बॅज दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, आणि तसं करताना सापडलात तर तो काढून घेतला जातो.

तरीही ही भेट देता येते आणि ज्याला या गोष्टींचं वेड आहे त्याला याहून मोठं काही सुचणार नाही. फक्त ती द्यायला दहा-एक महिने आधीपासून लागावं लागतं, आणि ज्याला द्यायची त्याच्या मदतीशिवाय ती जमत नाही. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) किंवा लॉस एंजेलिसकडे राहून नवऱ्यासाठी, बहिणीसाठी बॅज घेऊ पाहणारे आणि पुण्या-मुंबईत बसून तिकडे शिकणाऱ्या लेकीसाठी काही करू पाहणारे आईबाप, अशा दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे.

इतकी मारामारी कशासाठी

२१ मार्च १९७० ला सॅन डिएगोच्या यू. एस. ग्रँट हॉटेलात एका दिवसाचा छोटा मेळावा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवसांचा पहिला पूर्ण मेळावा भरला. त्याला तीनशेच्या आसपास माणसं होती आणि पाहुण्यांत कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी आणि विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी. आज तिथे १,३०,००० च्या वर लोक येतात. १९९१ पासून हा सोहळा खाडीकाठच्या त्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो. इमारत मोठी असली तरी तिच्यात माणसं मावायला मर्यादा आहे आणि मागणी मात्र जगभरातून आहे. म्हणून बॅजची विक्री म्हणजे निव्वळ लॉटरी. ज्याने आधी क्लिक केलं त्याला मिळालं, असा हिशेबच नाही. पैसे जास्त मोजून रांग चुकवायचीही सोय नाही. कॉमिक-कॉन ही ना-नफा संस्था आहे आणि सगळ्यांसाठी दार एकच.

पहिलं काम : मेंबर आयडी

१३ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला कॉमिक-कॉनच्या संकेतस्थळावर स्वतःचा मेंबर आयडी काढावा लागतो. तो फुकट मिळतो, भारतातूनही काढता येतो आणि दर वर्षी नवा काढायची गरज नसते. पण विक्रीच्या आधी एक मुदत असते. त्या तारखेपर्यंत खातं उघडून ईमेलवरून पक्कं केलेलं नसेल तर त्या वर्षीच्या विक्रीत तुम्ही नाही. "विक्री जाहीर झाली की काढू" म्हणणारे इथेच गळतात. तेव्हा भेटीचा विचार मनात आला त्याच आठवड्यात समोरच्याला आयडी काढायला लावा. आधीचा असेल तर एकदा आत जाऊन तो चालू आहे ना, पत्ता जुना तर नाही ना, हे पाहायला सांगा. प्रत्येकाने स्वतःचा वेगळा ईमेल वापरावा. घरातल्या सगळ्यांचं एकाच ईमेलवर उरकायची आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही.

आता आपल्या लोकांचा खास घोळ : आडनाव. दुसऱ्यासाठी बॅज घेताना त्याचा मेंबर आयडी आणि आडनाव टाकावं लागतं, आणि ते त्याच्या खात्यात आहे तसंच हवं. जोशींनी शेवटी इंग्रजी 'आय' लावलाय की दोन 'ई', वहिनींच्या खात्यावर माहेरचं आडनाव आहे की सासरचं, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच ओळीत कोंबलंय का, हे आधी विचारून घ्या. ऐन विक्रीत घड्याळ पुढे सरकत असताना "अगं, तुझं स्पेलिंग काय?" म्हणून फोन करायला वेळ नसतो. शिवाय बॅज तिथे जाऊन घ्यायचा झाला तर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून खात्यावरचं नाव पासपोर्टशी किंवा ड्रायव्हिंग लायसन्सशी जुळतं ठेवणं शहाणपणाचं.

पासवर्ड मात्र कुणाचा मागू नका आणि देऊ नका. आडनाव आणि आयडी एवढ्यावर काम होतं.

भेट बारा वर्षांच्या किंवा त्याहून लहान पोरासाठी असेल तर तुम्ही सुटलात. बॅज घेतलेल्या मोठ्या माणसाबरोबर त्याला प्रवेश फुकट असतो, मेंबर आयडीही लागत नाही. त्याच्या आईचा किंवा बाबाचा बॅज मिळवला की झालं. १३ ते १७ वयाच्या मुलांना आणि ६० वर्षांच्या आणि त्यावरच्यांना साधारण अर्ध्या दरात बॅज मिळतो. आजोबांना कॉमिक्समध्ये रस असेल तर ही सवलत विसरू नका.

दोन विक्री, दोन नियम

विक्री दोनदा होते. आधीच्या वर्षी ज्यांनी बॅज घेतला होता त्यांच्यासाठी रिटर्निंग रजिस्ट्रेशन, आणि मग काही आठवड्यांनी सगळ्यांसाठी ओपन रजिस्ट्रेशन. मेळावा जुलैच्या उत्तरार्धात असला तरी अलीकडे या दोन्ही विक्री आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे उरकतात. नक्की तारीख काही दिवस आधी ईमेलने कळते, म्हणून कॉमिक-कॉनची पत्रं स्पॅममध्ये जात नाहीत ना ते बघा.

इथे एक मेख आहे. तुम्ही गेल्या वर्षी जाऊन आला असाल तर रिटर्निंगमध्ये तुम्हाला बसता येतं, पण त्या विक्रीत तुम्ही ज्यांच्यासाठी घेणार तेही गेल्या वर्षीचे असावे लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्या भाच्याला तुमच्या पुण्याईवर त्या रांगेत घुसवता येत नाही. त्याच्यासाठी ओपनची वाट बघायची. तुम्ही स्वतःचं रिटर्निंगमध्ये उरकून घेतलंत तर उत्तमच. मग ओपनच्या दिवशी सगळं लक्ष त्याच्यावर.

गुपित ठेवायचं की शक्यता वाढवायची

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. एका व्यवहारात जास्तीत जास्त तिघांचे बॅज घेता येतात, स्वतःचा आणि आणखी दोघांचे. आणि विक्रीत नंबर लागणं हे पूर्णपणे नशिबावर असतं. म्हणजे ज्याला भेट द्यायची आहे तोही त्या सकाळी स्वतःच्या आयडीने बसला तर तुमच्या गटाची आणखी एक चिठ्ठी टोपलीत पडते. त्याला अंधारात ठेवलंत तर ती चिठ्ठी वाया. एखादी अशी भेट गुपित ठेवायच्या नादात हातची घालवण्यापेक्षा "तुझा बॅज माझ्याकडून, पण बसायचं आपण दोघांनी" असं सरळ सांगणं मला केव्हाही बरं वाटतं.

अगदीच गुपित ठेवायचं असेल तर अर्धवट ठेवता येतं. "ऑफिसातले काही जण गट करून प्रयत्न करतायत, तुझा आयडी देऊन ठेव, लागला तर लागला" असं म्हणून आयडी काढून घ्या. मिळाला तर आनंद, नाही मिळाला तर त्याला वाईट वाटायचं कारण नाही. यातही एक अडचण आहेच. बॅज घेतल्यावर त्याच्या खात्यात तो दिसू लागतो. त्याने खातं उघडून पाहिलं की गुपित फुटलं.

मुरलेली मंडळी गट करून बसतात, आणि तेच करावं. चार-पाच विश्वासातले लोक, एक सामाईक शीट. शीटमध्ये नाव, खात्यावर आहे तसं आडनाव, मेंबर आयडी, हवे असलेले दिवस पसंतीच्या क्रमाने, आणि शेवटचा रकाना "मिळाला का?" ज्याचा नंबर लागेल त्याने आपला आणि पुढच्या दोघांचा घ्यायचा, लगेच शीटवर खूण करायची आणि व्हॉट्सअॅपवर ओरडायचं. पुढच्याने मग उरलेल्यांचं बघायचं. कोण कुणाचे पैसे भरणार हे आदल्या रात्रीच ठरवून टाका. चारशे डॉलरचा हिशेब नंतर काढताना मैत्री ताणली जाते. आणि भेटीचे पैसे तुम्ही देणार असाल तरी कार्ड ज्याचा नंबर लागेल त्याचं जाणार आहे, हे सगळ्यांना माहीत असू द्या.

विक्रीची सकाळ

बहुधा शनिवार असतो आणि पॅसिफिक वेळेनुसार सकाळचे ९. भारतातून बसणाऱ्यांना म्हणजे रात्रीचे ९:३०, जेवणखाण आटोपून निवांत. मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतरची विक्री असेल तर आपल्याकडे १०:३०.

मेंबर आयडीने लॉगिन करून वेटिंग रूममध्ये जायचं. ती विक्रीच्या आधीच उघडते आणि नऊच्या ठोक्यापर्यंत जो कोणी आत आहे तो सारखाच. सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला आणि नऊला दोन मिनिटं कमी असताना आलेला, दोघांनाही संगणक एकाच टोपलीत घालून ढवळतो. म्हणून वेळेआधी पोचणं पुरे, पहिलं पोचायची धडपड नको. नऊनंतर पोचायची वेळ मात्र येऊ देऊ नका.

मग सुरू होतं बघत बसणं. पडद्यावर एक पान, ते आपोआप ताजं होत राहतं, आणि मधूनमधून वर एक ओळ येते की अमुक दिवसाचे बॅज संपत आले, तमुक दिवसाचे संपले. हात शिवशिवतात, पण पान रिफ्रेश करायचं नाही, मागचं बटण दाबायचं नाही, तोच आयडी तीन ब्राउझरमध्ये उघडून हुशारी करायची नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावा, स्क्रीन झोपणार नाही अशी सेटिंग करा आणि शक्य असेल तर वायफायऐवजी केबल. पहिल्यांदा बहुधा प्रिव्ह्यू नाइट (मेळाव्याच्या आदल्या बुधवारची संध्याकाळ) आणि शनिवार संपतो. तासा-दीड तासात सगळं आटोपतं.

नंबर लागला की काही मिनिटांची मुदत मिळते, तेवढ्यात नावं टाकायची, दिवस निवडायचे, पैसे भरायचे. कार्डाची माहिती समोर लिहून ठेवलेली असू द्या. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर ते परदेशी ऑनलाइन व्यवहाराला चालू आहे का हे बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आदल्या दिवशी बघा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतंच चालू असतं, परदेशी वापर आपण सुरू करावा लागतो. मर्यादाही वाढवून ठेवा, आणि बँक विनिमयावर जादा शुल्क लावते ते हिशेबात धरा.

दिवस कोणते घ्यायचे? बॅज दिवसागणिक विकले जातात, गुरुवार ते रविवार. बुधवारची प्रिव्ह्यू नाइट चारही दिवस घेणाऱ्यालाच मिळते, आणि हे सगळं मिळून प्रौढ माणसाला ३०० डॉलरच्या वर जातं. भेट घेणारा खेळणी, पुतळे, मर्यादित आवृत्त्या गोळा करणारा असेल तर प्रिव्ह्यू नाइटचं मोल आहे. नाहीतर तिच्यामागे धावू नये. पहिल्यांदा जाणाऱ्याला गुरुवार-शुक्रवार भरपूर झाले, शनिवारची गर्दी अंगावर येते. रविवार लवकर संपतो, त्याचा बॅज स्वस्त असतो आणि मुलांसाठीचे कार्यक्रम त्या दिवशी जास्त. फक्त रविवारच शिल्लक दिसला तर नाक मुरडू नका, घेऊन टाका. एक दिवसही घेतला तरी पुढच्या वर्षी तो माणूस रिटर्निंगच्या रांगेत उभा राहू शकतो, आणि हा फायदा बॅजइतकाच मोलाचा आहे.

बॅज मिळाला, आता पुढे

पैसे भरले की पुष्टीची ईमेल येते. खरा बॅज अमेरिकेतल्या पत्त्यावर टपालाने, आणि तोही मेळाव्याच्या काही आठवडे आधी येतो. म्हणजे वाढदिवस डिसेंबरात असेल तर हातात द्यायला छापील ईमेलच असेल. ती छान पाकिटात घाला, सोबत एखादं कॉमिक द्या. टपालाआधी पत्ता तपासायची एक मुदत असते. विद्यार्थी मुलं दर वर्षी घर बदलतात, त्यांना आठवण करा. पत्ता भारतातला असेल तर बॅज तिथे जाऊनच घ्यायचा असं धरून चाला. बॅजमध्ये २०१६ पासून आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी) चिप असते. आत-बाहेर करताना दारातल्या खांबाला तो टेकवावा लागतो, म्हणून हरवू नये. बेत रद्द झाला तर पैसे परत मागायचीही ठरावीक मुदत असते, ती कॅलेंडरवर टाकून ठेवा.

भेट घेणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगा, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होतो. बॅज म्हणजे इमारतीत जायचा परवाना, प्रत्येक कार्यक्रमात जागा नव्हे. मोठ्या चित्रपटांची पॅनेल ज्या हॉल एचमध्ये होतात तिथे साधारण ६,५०० माणसं बसतात, आणि एक कार्यक्रम संपला म्हणून हॉल रिकामा केला जात नाही. सकाळी बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत बसू शकतो. म्हणून लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर चटया टाकतात. ज्याला एका विशिष्ट नटालाच बघायचंय त्याला हे परवडेल का, हे त्याचं त्याने ठरवावं. सह्या आणि मर्यादित वस्तूंसाठी मेळाव्याआधी वेगळी ऑनलाइन सोडत असते, ती ज्याच्या नावाचा बॅज त्यानेच आपल्या खात्यातून भरायची. मला विचाराल तर आर्टिस्ट्स अॅलीत चित्रकारांच्या टेबलांपुढे घालवलेली दुपार हॉल एचच्या रांगेपेक्षा कैक पटीने चांगली. तिथे चित्र काढणाऱ्या माणसाशी प्रत्यक्ष बोलता येतं.

खरा खर्च हॉटेलचा

बॅजच्या किमतीत फार तर एका रात्रीची खोली येते, आणि डाउनटाउनमध्ये तीही नाही. म्हणून बॅज त्याचा त्याला घेऊ द्या आणि हॉटेल तुम्ही भेट द्या, असाही एक मार्ग आहे. ज्याच्या आयडीला लॉटरी आधीच लागली आहे त्याच्यासाठी हीच भेट सगळ्यात सोयीची. कॉमिक-कॉनची स्वतःची हॉटेल विक्री वसंतात होते, दर सवलतीचा असतो आणि त्यातही लॉटरीसारखीच धावपळ. सेंटरच्या आसपासचा हट्ट सोडला तर मिशन व्हॅलीत राहून ग्रीन लाइन ट्रॉलीने थेट कन्व्हेन्शन सेंटर स्टेशनवर उतरता येतं. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळणं हे वेगळंच युद्ध आहे. लॉस एंजेलिसहून येणाऱ्याला अॅमट्रॅकची पॅसिफिक सर्फलायनर सॅन्टा फे डेपोला आणून सोडते, साधारण तीन तासांत, समुद्राच्या कडेकडेने.

भारतातून कुणाला बोलावणार असाल तर आधी व्हिसा, मग बॅज, मग विमान. पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच महिनोन्महिने लागू शकतात, आणि कॉमिक-कॉनचा बॅज आहे म्हणून वकिलातीत कुणी पुढे घेत नाही. व्हिसा नसलेल्याच्या नावावर बॅज घेणं म्हणजे जुगार, निदान परताव्याची मुदत तरी डोळ्यांसमोर ठेवा.

बाहेरून घेऊ नका

विक्री संपली की फेसबुकच्या गटांत आणि जाहिरातींच्या साइटवर "शनिवारचा बॅज आहे, घ्या" असे लोक उगवतात. काही नुसते चोर असतात, काहींकडे खरा बॅज असतो पण तो त्यांच्या नावाचा. दोन्हीकडे तुमचे पैसे गेले. तिकिटांच्या पुनर्विक्रीच्या मोठ्या साइटवर दिसला तरी तेच. अधिकृत जागा एकच, कॉमिक-कॉनचं स्वतःचं संकेतस्थळ.

नाहीच मिळाला तर

त्याच संस्थेचा वंडरकॉन वसंतात अॅनाहाइमला, डिस्नेलँडच्या समोर भरतो. त्यालाही हाच मेंबर आयडी चालतो, आणि बॅज मिळायला लॉटरी लागावी लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तर आधी तिथेच पाठवेन. गर्दी आटोक्यात, कलाकार निवांत भेटतात, कॉसप्ले (पात्रांसारखी वेशभूषा) तेवढाच देखणा.

सॅन डिएगोलाच जायचं असेल तर मेळाव्याच्या आठवड्यात सेंटरजवळच्या गॅसलॅम्प क्वार्टर या भागात सगळीकडे स्टुडिओंनी मांडलेले देखावे आणि खेळ असतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बॅज लागत नाही, नुसती रांग लावायची. बॅल्बोआ पार्कात नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडलेलं कॉमिक-कॉन म्युझियम आहे, त्याचं तिकीट वर्षभर मिळतं.

आणि भेट घेणारा मुंबई-पुण्यातच असेल तर एवढा खटाटोप हवाच कशाला? २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या कॉमिक कॉन इंडियाचे मेळावे मुंबईतही भरतात. सॅन डिएगोच्या संस्थेशी त्यांचा संबंध नाही, मेंबर आयडीची भानगड नाही, तिकीट सरळ ऑनलाइन विकत घ्यायचं. घ्यायच्या आधी एवढंच बघा की पुढे दुसऱ्याला पाठवता येईल असं ते तिकीट आहे का, नाहीतर सुरुवातीलाच त्याच्या फोन नंबरवर आणि ईमेलवर बुक करा.